भांड्याच्या बुडाची काजळी

"घरात गॅस असूनही पातेल्यांची बुडे काळी होतात. कशाने घासावीत?" हा एकच प्रश्न अकोला, धामणगाव आणि मूर्तिजापूर अशा तीन गावांहून आलेल्या पत्रांत आहे. घासण्याचे उपाय मी शेवटी देणारच आहे. पण मैत्रिणींनो, नुसते घासून हा प्रश्न सुटायचा नाही. आज घासले की उद्या पुन्हा काळे! भांडे काळे होते तेव्हा आपली शेगडी आपल्याला काहीतरी सांगत असते, आणि ते ऐकायचे सोडून आपण नारळाची शेंडी घेऊन बसतो.

म्हणून आज थोडे शास्त्र. घाबरू नका हं. मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झालेली, आणि शाळेत अर्धा दिवस शिकवते तेही मराठीच. आमच्या शास्त्राच्या बाईंना मधल्या सुट्टीत पिडून आणि वाचनालयातली पुस्तके चाळून मला जे समजले, ते आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. काजळी आणि राख यांत आपण नेहमी गल्लत करतो. राख म्हणजे जळून जे उरते ते. काजळी म्हणजे जे जळायचेच राहून गेले ते. राखेत आता जळण्यासारखे काही नाही, तिने भांडी घासावीत. काजळी मात्र शुद्ध जळण आहे. तुमच्या पैशाचे, तुमच्या सिलिंडरमधले. ते आगीत तयार झाले, आगीतून निसटले आणि बुडाला येऊन चिकटले.

तयार कसे झाले? संध्याकाळी देवापुढे निरांजन लावाल तेव्हा ज्योत जरा निरखून पाहा. वातीच्या लगत एक गडद भाग दिसतो, खालच्या कडेला निळसर झाक असते आणि वरचा सगळा भाग पिवळाधमक. जळते ती वात नव्हे आणि पातळ तूपही नव्हे. तूप वातीतून वर चढते, तापून त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. ज्योतीच्या पोटात उष्णता भरपूर, पण बाहेरची हवा तिथवर पोचत नाही. मग ती वाफ जळणार कशी? उष्णतेने तिचे तुकडे होतात. त्यांतला एक तुकडा म्हणजे अ‍ॅसिटिलीन, वेल्डिंगवाल्यांकडे असतो तोच वायू. हे तुकडे एकमेकांना धरून कार्बनच्या सहा-सहा कणांची कडी करतात. क्रोशाच्या रुमालात आपण एका घराला दुसरे घर जोडत जातो ना, अगदी तशी एका कडीला दुसरी कडी जोडली जाते. मग त्या जाळ्या एकीवर एक बसून त्यांचा गोळा होतो, आणि गोळ्याला गोळा चिकटून मण्यांच्या माळा होतात. एकेक मणी एवढा बारीक, की आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे दोनेक हजार मणी ओळीने बसतील. आणि हे सगळे विणकाम डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उरकते!

ही झाली काजळी. गंमत अशी, की ज्योतीचा पिवळा उजेड हा या काजळीचाच उजेड. लोहाराच्या भट्टीतले लोखंड जसे तापून चमकते, तसे हे मणी चमकतात. मायकेल फॅरेडे या मोठ्या शास्त्रज्ञाने १८६० च्या नाताळात लंडनला मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्याने दिली, त्यांत ही गोष्ट त्याने प्रयोग करून दाखवली होती. म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तसा दिव्याच्या पोटातही अंधारच असतो, आणि तोच आपल्याला उजेड देतो.

मग निरांजनातून धूर का येत नाही? कारण हे मणी वर चढता चढता ज्योतीच्या कडेला येतात, तिथे त्यांना प्राणवायू भेटतो आणि ते जळून जातात. त्यांचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो दिसत नाही. निमूट जळणाऱ्या प्रत्येक दिव्यात काजळी क्षणोक्षणी होत असते आणि क्षणोक्षणी संपत असते. तिच्या संपण्याला तीन गोष्टी लागतात. हवा, उष्णता आणि थोडा वेळ. यांतली एक जरी कमी पडली, तरी काजळी सुटली म्हणून समजा.

आपल्या आज्या काजळ धरत असत, त्यात नेमके हेच करत. एरंडेलाचा दिवा लावायचा आणि त्याच्या ज्योतीवर तांब्याचे ताम्हन किंवा ताटली उपडी टेकवायची. थंडगार तांबे ज्योतीत घुसले की ज्योत निवते. हवा आहे, वेळही आहे, पण उष्णता गेली. जळायला निघालेले मणी तसेच थिजून ताटलीला चिकटले, की झाले काजळ. आता गॅसवर ठेवलेले पातेले आठवा. आत गार पाणी आणि खाली पिवळी ज्योत. आपण दररोज दोन्ही वेळा काजळच धरत असतो!

याची उलट बाजूही जुन्या घरांतून पाहिलेली असेल. चुलीवरचा तवा भाकरी झाल्यावर उतरवून उलटा केला, की त्याच्या काळ्या बुडावर बारीक ठिणग्या इकडून तिकडे पळताना दिसत. आजी म्हणायची, "तवा हसला गं, पाहुणे येणार." पाहुणे येवोत न येवोत, पण बुडाची काजळी तापलेली असतानाच तिला मोकळी हवा मिळाली, आणि राहून गेलेले जळणे तिने उरकून घेतले. थंड काजळी कशाशीच बोलत नाही, म्हणून काजळ घोटून केलेल्या शाईची जुन्या पोथ्यांतली अक्षरे शेकडो वर्षांनी काळी ती काळीच राहतात. पण तीच चांगली लाल तापली, की समोर येईल त्या वायूशी तिची देवाणघेवाण सुरू होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता गॅसकडे वळू. गॅसची ज्योत निळी असते, कारण तिथे हवा बाहेरून यायची वाट पाहावी लागत नाही. बर्नरच्या नळीतच गॅसमध्ये हवा मिसळते आणि मग तो भोकांतून वर येतो. प्राणवायू पहिल्यापासून सोबत असला की कड्या जुळायला वेळच मिळत नाही. आमच्या भांडीवाल्या मावशी मध्यंतरी म्हणाल्या, "बाई, या टायमाले गॅस खराब आला काय हो? भांडे कायेकुट्ट होऊन राह्यले." गॅस खराब नसतो. शंभरातल्या नव्वद वेळा हवेची वाट बुजलेली असते. नळीच्या तोंडाशी जाळे धरलेले असते, नाहीतर दूध उतू जाऊन बर्नरची भोके लिंपलेली असतात.

करायचे असे. बर्नर थंड झाल्यावर टोपण काढून गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून तासभर भिजत ठेवा. जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा, भोके सुईने एकेक मोकळी करा आणि पूर्ण कोरडे करूनच बसवा. टोपण वाकडे बसले तरी एका बाजूने पिवळी जीभ निघते. एवढे करूनही पिवळेपणा गेला नाही, तर आतली तोटी आणि हवेची चकती एजन्सीच्या माणसाकडून बघून घ्या. तिथे आपण हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षा सोपी आहे. स्टीलच्या जुन्या वाटीत गार पाणी घालून ती दोन मिनिटे ज्योतीवर धरा. बूड काळे झाले तर हवा कमी पडते आहे. मिठाचे पाणी सांडले तरी ज्योत पिवळी-केशरी दिसते, पण त्याने वाटी काळी होत नाही. तो नुसता मिठाचा रंग, तिकडे लक्ष देऊ नका.

आणि हवा म्हणजे किती? एक किलो गॅस पुरता जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा हिशेब केला तर २२० किलो हवा झाली! दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत जेमतेम चौतीस किलो हवा मावते. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत अशा साडेसहा खोल्यांमधला सगळा प्राणवायू खातो. थंडीच्या दिवसांत खिडकी लावून, दार ओढून तासन् तास पोळ्या लाटणाऱ्या मैत्रिणींनी हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा.

आपल्या वऱ्हाडात गॅस आला तरी चूल गेलेली नाही, हेही खरेच. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गावोगाव सिलिंडर पोचले. पण आंघोळीच्या पाण्याचा बंब आणि अंगणातली चूल अजून पऱ्हाट्या-तुराट्यांवरच पेटते. कपाशी निघाली की दारात पऱ्हाट्यांचा ढीग असतोच, फुकटचे जळण कोण सोडेल? माझे एवढेच सांगणे आहे, की त्या पुरत्या वाळू द्याव्यात. ओल्या पऱ्हाटीतले पाणी उकळून जायला जी उष्णता लागते ती ज्योतीच्या वाट्याची असते. ज्योत निवली की काय होते ते वर सांगितलेच. चूल तोंडापर्यंत कोंबून भरली तरी तेच. मधून हवाच जात नाही.

चुलीच्या धुराचा विचार आपल्याजवळच्या वर्ध्याला फार पूर्वी झाला होता. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत आणि मगनवाडीत त्याचे ठाणे होते. तेलघाणी, हातकागद यांच्याबरोबर तिथे चुलीचाही अभ्यास झाला आणि १९४७ च्या सुमारास 'मगन चूल' निघाली. मातीचीच, पण एका आगीवर एकाहून अधिक भांडी बसतील आणि धूर धुराड्यातून बाहेर जाईल अशी. पुढे १९८३ साली सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम घेतला, तो २००२ पर्यंत चालला. त्याच काळात 'निर्धूर चूल' हा शब्द घरोघर पोचला. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनेही चुलींवर पुष्कळ काम केले.

या 'निर्धूर' शब्दाबद्दल मात्र माझी जरा तक्रार आहे. धुराड्याने धूर बाहेर जातो, नाहीसा होत नाही. घरातल्या बाईचे डोळे वाचतात, आणि ते काही थोडे नाही. पण काजळी होतच असते. ती धुराड्याच्या नळीत साठते आणि नळी झाडली नाही, तर वर्षाच्या आत धूर पुन्हा घरात. कित्येक घरांत नळी झाडायचे राहून गेले आणि मग "ती चूल काही कामाची नाही" म्हणून ती फोडून टाकली. धूर बाहेर काढणे वेगळे आणि धूर जाळणे वेगळे. चांगल्या चुलीला दोन्ही जमावे लागते.

धूर जाळणे म्हणजे काय, ते बडनेऱ्याच्या जुन्या माणसांना विचारा. आमचे हे गाव रेल्वेचे. १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी पोचली, ती याच वाटेने. आमच्या आळीत एक निवृत्त फायरमन आहेत. वाफेच्या इंजिनावर त्यांची उमेदीची वर्षे गेली. ते सांगतात, इंजिनातून काळा धूर निघाला की साहेब रागवायचा आणि क्वार्टरमधल्या बायका त्याहून जास्त, कारण दोरीवरची धुणी काळी व्हायची! कोळसा थोडा थोडा पण वारंवार टाकायचा, आणि टाकल्यावर भट्टीचे दार क्षणभर किलकिले ठेवायचे, म्हणजे वरून हवा जाऊन धूर आतच पेटतो, हे त्यांचे शिक्षण. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी आपली शकुंतला तर १९९४ पर्यंत वाफेवर धावत होती. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले इंजिन तिला होते.

वरून हवा का द्यायची, हे मी त्यांना खोदून विचारले, आणि त्यांच्या उत्तराने मला हा लेख लिहायला लावला. ते म्हणाले, "वहिनी, धूर डोळ्याले दिसते. निखाऱ्यातून जे निघते ते दिसत नाही."

आता मघाचे वाक्य आठवा. लाल तापलेला कार्बन समोर येईल त्या वायूशी देवाणघेवाण करतो. कोळशाच्या शेगडीत खालून हवा शिरते, खालचे निखारे जळतात आणि कार्बन डायऑक्साइड होतो. तो वायू वर जाताना वरच्या लालभडक निखाऱ्यांतून जातो. ते निखारे त्याच्याकडचा अर्धा प्राणवायू काढून घेतात, आणि एकाचे दोन होऊन कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू वर येतो. निखाऱ्यांवर छोट्या निळ्या ज्योती नाचताना पाहिल्यात ना? तोच हा वायू जळत असतो. जळला तोवर ठीक. पण शेगडी मंदावली, निखाऱ्यांवर राखेची साय धरली, की निळ्या ज्योती विझतात. वायू मात्र येतच राहतो, न जळता. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. याला कोण वास घालणार? तो श्वासातून आत गेला, की आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बिलगतो. मग प्राणवायूला रक्तात जागाच उरत नाही.

आणि ही शेगडी आपण नेमकी कुठे ठेवतो? बाळंतिणीच्या बाजेखाली! दार लावून, खिडकीला पडदा लावून, फटीत फडके खोचून. वारा लागू नये म्हणून.

माझ्या मोठ्या जावेचे पहिले बाळंतपण डिसेंबरात तिच्या माहेरी खेड्यावर झाले. पाचवीला मी गेले होते. ओवा आणि बाळंतशेपांची धुरी झाली, शेक झाला, आणि मग रात्री ऊब राहावी म्हणून शेगडी खोलीतच राहिली. धूर अजिबात नव्हता. तिची आई म्हणालीसुद्धा, "धूर पार गेला आता, काही तरास नाही." पहाटे जाऊबाई डोके ठणकते म्हणून कण्हत होती, उठून बसताच तिला उलटी झाली. बाळ दूध ओढेना, नुसते पेंगत होते. सगळ्यांना वाटले, अंगावर वारा गेला, आणि आणखी एक पांघरूण आले. तेवढ्यात गावातल्या नर्सबाई नेहमीच्या फेरीला आल्या. त्यांनी दारातूनच शेगडी पाहिली. एक शब्द न बोलता त्यांनी बाळाला उचलले, ओट्यावर नेले आणि मग आतल्यांवर ओरडल्या, "खिडक्या उघडा आधी! तिले बाहेर आणा!" गावात जीप होती म्हणून दोघे तासाभरात दवाखान्यात पोचले. प्राणवायू लावला. दोघे वाचले. ते बाळ आता बारावीला आहे.

त्या घरात कोणाची माया कमी नव्हती. धूर गेला म्हणजे धोका गेला, एवढीच समजूत होती, आणि ती आपल्याकडे घरोघर आहे. काजळी दिसते, झोंबते, खोकवते, म्हणून आपण पळतो. तिचे हे भावंड तसे नाही. जिथे ज्योत पिवळी आणि बूड काळे, तिथे हा वायूही बहुधा असतोच, कारण दोघांचे मूळ एक, अर्धवट जळणे. पण निखाऱ्यांत काजळीचा मागमूस नसतानाही तो असतो. म्हणजे काळे दिसले तर सावध व्हावेच, पण काळे दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

सासूबाईंना कसे सांगायचे, हा तुमचा खरा प्रश्न असणार. शेक बंद करा असे मी म्हणतच नाही. शेक घ्या, पण दार-खिडकी उघडी ठेवून, आणि शेक झाला की त्याच पावली शेगडी अंगणात. रात्रीची ऊब रबरी पिशवीतल्या गरम पाण्याची, दुलईची आणि आईच्या कुशीची. निखाऱ्यांवर राख सारली म्हणून, किंवा खोलीत पाण्याचे पातेले ठेवले म्हणून हा वायू जात नाही. तोही एक गैरसमज आहे. डिसेंबर-जानेवारीत चिखलदऱ्याला सहलीला जाता, तेव्हाही हेच. बाहेर शेकोटी करा, हवी तेवढी हुरड्याची कणसे भाजा, पण शेगडी निजायच्या खोलीत नेऊ नका.

शहरातल्या मैत्रिणींच्या घरी बाजेखालची शेगडी नसेल, पण न्हाणीघरात गॅसचा गिझर असतो. बंद दार, झडप लावलेली, वाफेने कोंदलेली हवा, आणि तेवढ्याशा जागेत भडकलेला गॅस. आधी हवा संपते, मग ज्योत अर्धवट जळू लागते. दरवर्षी हिवाळ्यात न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो, त्या बहुतेक याच्याच. गिझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्यावर बसवावा, पाणी नळाने आत आणावे. त्याच्या झाकणावर काळे ओघळ दिसले किंवा ज्योत पिवळी झाली, तर त्या दिवशी तो बंद ठेवून कारागिराला बोलवावे. एकाच घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकदम जड होणे, मळमळणे, पाय लटपटणे आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटणे, ही खूण आहे. आधी माणसाला बाहेर काढा, मग गॅस बंद करा, आणि बरे वाटले तरी डॉक्टरांकडे नेऊन "गिझर चालू होता" किंवा "शेगडी होती" हे आवर्जून सांगा. नाहीतर पित्ताची गोळी मिळते.

धूर दिसतो म्हणून तो कमी वाईट, असे मात्र समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे घरातल्या चुली-स्टोव्हच्या धुराने दगावली. काजळीच्या मण्यांवर त्या अर्धवट विणलेल्या कड्याही चिकटलेल्या असतात, आणि त्यांतल्या काही कर्करोगाला कारण होतात. लंडनमध्ये धुराडी झाडणाऱ्या पोरांना मोठेपणी विशिष्ट कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या डॉक्टरने १७७५ मध्येच लिहून ठेवले होते.

यावरून घरी धरलेल्या काजळाचे विचाराल. बाळाच्या डोळ्यांत ते घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बोटाने जंतू जातात ते वेगळेच. बाजारच्या काही सुरम्या-काजळांत तर शिसे सापडलेले आहे. तीट लावायची हौस असेल तर तळपायाला लावावी. तिथे दृष्ट लागत नाही असे थोडेच आहे?

आता कबूल केलेले घासण्याचे उपाय. काजळी तेलकट असते, म्हणून आधी ओला हात लावू नका, पसरते. जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने कोरडी पुसून घ्या, मग राख किंवा साबण आणि शेंडी. लोखंडी तवा, कढई असेल तर उपडी करून मोठ्या निळ्या ज्योतीवर खिडकी उघडून दहा मिनिटे तापवा, पुष्कळशी काजळी जळूनच जाईल. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कल्हईच्या भांड्याला हा उपाय चालत नाही. चुलीवर चढवायच्या पातेल्याच्या बुडाला आधी राख आणि पाणी कालवून पातळ हात फिरवावा. काजळी त्या थरावर बसते आणि धुताना थरासकट निघून येते. देवघराच्या भिंतीवरचा काळा पट्टा कणकेच्या घट्ट गोळ्याने हलके टिपून काढावा, चोळू नये, आणि समईची वात वीतभर न काढता गव्हाच्या दाण्याएवढीच वर ठेवावी. वात लांब असली की तेल जास्त चढते, हवा तेवढीच राहते, आणि पुढच्या दिवाळीला पट्टा पुन्हा तिथेच.